साडेचार फुटांचा आडोसा



नाशिककडून हायवेने ठाण्यात शिरलात की जिथे घोडबंदर रोड फुटतो, तो नाका आमच्या माजिवड्याचा. पुलाखाली उभं राहून बघितलं तर टॉवर, मॉल आणि मेट्रोचे खांब दिसतात. आत वळलं की जुनं गावठाण लागतं, खेटून बांधलेली घरं लागतात, आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओटीवर बचत गटाची बैठक बसलेली असते. आम्ही अशा बैठका घेत फिरणाऱ्या. हप्ते जमा झाले, व्याज मांडलं, कर्जाचे अर्ज वाचून झाले, की चहा येतो आणि चहाबरोबर मोबाईलचा विषय येतो. कुणाचा मुलगा रात्री पांघरुणात फोन घेऊन जागतो. कुणाची मुलगी आपण जवळ गेलो की फोन पालथा घालते. मग एखादी ताई सुस्कारा टाकून म्हणते, "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं बाई."

पन्नाशीच्या ताईंनी असं म्हटलं तर ठीक आहे. पण आम्ही पस्तिशीच्या आसपासच्या बायकाही माना डोलावतो, तेव्हा ती शुद्ध थाप असते. आमच्या वेळी होतं की. आणि ज्या मुलांची काळजी तेव्हा मोठ्या लोकांना लागली होती, ती मुलं म्हणजे आम्हीच. आज तोच इतिहास सांगायचा आहे. तीस वर्षांचा आहे, आणि बराचसा आपल्या मुंबई-ठाण्याकडे, आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

१५ ऑगस्ट १९९५ या दिवशी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आपल्या देशात सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. पहिल्या शहरांत मुंबई होती. त्यानंतर दहा महिन्यांनी, जून १९९६ मध्ये, त्याच मुंबईत दुसरी एक गोष्ट सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या लोकांनी मुलांसाठी एक फोन नंबर चालू केला, १०९८. नाव चाइल्डलाइन. दहा-नऊ-आठ, लिहिता-वाचता न येणाऱ्या पोरालाही तोंडपाठ होईल असा. स्टेशनवर झोपणाऱ्या, पळून आलेल्या, मार खाणाऱ्या मुलांनी स्वतः फोन करावा आणि पलीकडे ऐकायला माणूस असावा, एवढीच त्यामागची कल्पना. या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. इंटरनेट होतं पैसेवाल्यांच्या ऑफिसात, आणि १०९८ होता फलाटावर. आम्ही मात्र या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवल्या आहेत. का, ते पुढे कळेल.

घरी कॉम्प्युटर कुणाकडे नव्हता. इंटरनेट आमच्यापर्यंत आलं ते सायबर कॅफेतून. ठाण्यात स्टेशनजवळ, कॉलेजांच्या आसपास, मग नाक्यानाक्यावर कॅफे निघाले. एका गाळ्यात प्लायवूडचे सात-आठ कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, पुढे पडदा नाहीतर छोटं दार. तासाला पैसे भरायचे आणि आत बसायचं. आम्ही शाळेचा प्रोजेक्ट, दहावीचा निकाल, भावाचा नोकरीचा अर्ज यासाठी जायचो. शेजारच्या कप्प्यात तीन-तीन मुलगे एका खुर्चीवर बसून दबक्या आवाजात हसत असायचे. ते काय बघत होते हे आम्हाला कळत होतं, कॅफेवाल्याला कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त घरी.

या काळात कायदाही आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, सन २०००. अश्लील मजकूर पसरवणाऱ्याला शिक्षा त्यात होती. पण मुलांसाठी वेगळं कलम त्यात नव्हतं. मूल इंटरनेटवर येईल, हे तो कायदा लिहिणाऱ्यांच्या फारसं डोळ्यांसमोर नसावं.

मग २००१ साली दोन जणांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना एक पत्र लिहिलं. इंटरनेटवरच्या अश्लील चित्रांपर्यंत लहान मुलं सहज पोचतात, यावर काहीतरी करा, असं ते पत्र. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि सप्टेंबर २००१ मध्ये एक समिती नेमली. मुलांचं इंटरनेटपासून रक्षण कसं करावं, हे तिने सांगायचं. समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. त्या वेळी आम्ही आठवी-नववीत होतो. म्हणजे उच्च न्यायालयाची एक समिती आमच्याविषयी बसली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. हे आम्हाला कळलं ते आत्ता, या भाषणासाठी जुनं वाचायला घेतलं तेव्हा. आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता. ती म्हणाली, आपण स्वतः इतिहासात आहोत हे पहिल्यांदाच कळलं.

समितीने सुचवलेल्या गोष्टी साध्या होत्या. कॅफेत येणाऱ्याचं फोटो असलेलं ओळखपत्र बघा. कॉम्प्युटरच्या वापराची नोंद ठेवा. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना कप्प्यात बसवू नका. त्यांची यंत्रं बाहेर मोकळ्या जागेत ठेवा, आणि त्यांत नको त्या गोष्टी अडवणारं सॉफ्टवेअर घाला.

ओळखपत्राची सूचना आम्हाला आजही पटत नाही. आठवीतल्या मुलीकडे कुठलं आलंय फोटोचं ओळखपत्र? मजुराच्या मुलाकडे कुठून येणार? ज्याच्याकडे कागद नाही त्याला दारातून परत पाठवायचं, हा आपल्याकडचा सगळ्यात सोपा उपाय. गटाचं खातं उघडायला बँकेत गेलेल्या प्रत्येकीला तो माहीत आहे. अडवणारं सॉफ्टवेअर असून असून किती अडवणार? पण तिसरी सूचना, मुलांना उघड्यावर बसवा, ही शहाणपणाची होती. तिच्यात पहारा नव्हता. कुणी मागे उभं राहून डोकावत बसायचं नव्हतं. चार माणसांत बसलेलं मूल चार माणसांत बसल्यासारखं वागतं, आणि घाबरलं तर त्याचा चेहरा कुणाला तरी दिसतो, एवढंच.

आता गंमत बघा. ही सूचना देशाच्या नियमांत यायला नऊ वर्षं लागली. एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. कप्प्याची भिंत जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको. कप्प्याबाहेरच्या यंत्रांची स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून हवी. आई-वडील किंवा पालक बरोबर असल्याशिवाय मुलाला कप्प्यात बसू द्यायचं नाही. नियम चांगला, पण तोवर आमच्याकडचे कॅफे झेरॉक्स आणि रेल्वे तिकिटांच्या दुकानांत बदलत चालले होते. पोरांच्या हातात मोबाईल आला होता, आणि मोबाईल शॉपीत पैसे दिले की मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. गाण्यांबरोबर आणखी काय-काय भरून मिळायचं, ते सांगायला नको. साडेचार फुटांचा आडोसा मोजायला निरीक्षक निघाला तेव्हा आडोसा खिशात गेला होता.

कायद्याचं तेवढं उरकून घेतो. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली, ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. त्यात ६७-ब हे कलम आलं: मुलांची अश्लील चित्रं बनवणं, पसरवणं, बघणं, मुलांना त्यासाठी इंटरनेटवरून फूस लावणं, सगळा गुन्हा. मग १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनाच्या दिवशी, पोक्सो कायदा लागू झाला. त्यात मुलाचा इंटरनेटवरून वाईट हेतूने पुन्हापुन्हा पिच्छा पुरवणं हाही गुन्हा ठरला. म्हणजे २०१२ पर्यंत कायदे हातात होते. पण कायदा चालतो तक्रार आली तर, आणि तक्रार येते मुलाने तोंड उघडलं तर.

आता भीतीचा इतिहास. तो कायद्याच्या इतिहासापेक्षा जास्त सांगण्यासारखा आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईत एका सोळा वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळावर झालेल्या ओळखीतून हे घडलं, अशा बातम्या पहिल्या पानांवर आल्या. तेव्हा सगळी तरुण पोरं ऑर्कुटवर होती, आम्हीही होतो. पुढे २०१२ साली न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. ती बातमी फार कुणाला आठवत नाही. पण २००७ च्या त्या आठवड्यात आमच्यातल्या दोघींचं कॅफेत जाणं घरून बंद झालं, हे आम्हाला पक्कं आठवतं. भावांचं बंद झालं नाही. मेला होता मुलगा, आणि दार लागलं मुलींचं.

हे नवीन नाही म्हणा. पोरी लिहायला शिकल्या तर चोरून पत्रं लिहितील, असं सावित्रीबाईंच्या काळातले लोकही म्हणतच होते.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. सुरुवातीचे महिने इंटरनेट फुकट, नंतरही स्वस्त. कॉम्प्युटर कधी न पाहिलेल्या घरांत इंटरनेट थेट आलं, ते आईच्या फोनमधून. आणि वर्षभरात पहिली मोठी भीती आली, ब्लू व्हेल. जुलै २०१७ च्या अखेरीस अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि त्याचा संबंध या खेळाशी जोडला गेला. पुढचे दोन महिने प्रत्येक गटात तोच विषय होता. हाताला साधा ओरखडा असला तरी आया पोरांची झडती घ्यायच्या. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की चौकशी समितीने अशा घटना तपासल्या, पण त्या खेळाचा हात एकाही घटनेत सिद्ध होत नाही. मुलं गेली होती हे खरंच होतं. पण ती का गेली हे विचारायचं सोडून आपण सगळे फोनमध्ये एक मासा शोधत बसलो होतो.

आणि मग राईनपाडा. हे सांगताना आवाज जड होतो, पण सांगायलाच हवं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. त्याआधी कितीतरी दिवस व्हॉट्सअॅपवर निरोप फिरत होते: मुलं पळवणारी टोळी आली आहे, आपली पोरं सांभाळा. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथे आले होते. त्यांतल्या कुणीतरी एका लहान मुलीशी बोललं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या निरोपांत एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, अशी. ती आपल्या देशातली नव्हतीच. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी जागृती म्हणून ती केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात, आणि मुलं किती सहज उचलता येतात ते बघा, असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. मुलांना सुरक्षित ठेवा म्हणून केलेली चित्रफीत माणसं मरायला कारण झाली. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

आम्हाला स्वतःची लाज वाटते ती इथे. ते निरोप आमच्या गटांच्या ग्रुपवरही आले होते. आम्हीही पुढे पाठवले होते. "खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं," असं वर लिहून पाठवले होते. इंटरनेटवर मुलं फसतात म्हणून आपण रात्रंदिवस बोलतो. राईनपाड्यात मुलं फसली नव्हती. आयाबाप फसले होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळेनेच सांगितलं, मुलाच्या हातात फोन द्या. ज्या फोनवरून आपण पोरांना वर्षभर ओरडत होतो, तो घ्यायला गटातून कर्ज काढलं. गटाच्या वहीत त्या वर्षी शिलाई मशीनपेक्षा मोबाईलची कर्जं जास्त आहेत. लहान वर्गांच्या शाळा जवळपास पावणेदोन वर्षं नीट भरल्या नाहीत. मुलं घरात होती, डोळ्यांसमोर होती, म्हणून आपण निर्धास्त होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२० चा आकडा ऐका. मुलांवरचे इंटरनेटचे गुन्हे २०१९ मध्ये देशात १६४ नोंदले गेले होते. २०२० मध्ये ८४२. त्यांतले ७३८ मुलांच्या अश्लील चित्रांविषयीचे होते. महाराष्ट्राचे १३७, देशात तिसरा नंबर. एवढ्या मोठ्या देशात आठशे म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण हे नोंदलेले आहेत. न नोंदलेलं एक आम्ही जवळून पाहिलं.

आमच्या एका गटातल्या ताई. नाव आणि ठिकाण सांगत नाही, काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत, आणि त्यांना विचारून सांगतो आहोत. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. ऑनलाइन वर्ग संपला की एक खेळ खेळायची. खेळात एकाशी ओळख झाली, तो म्हणाला मी पण आठवीत आहे. गप्पा इन्स्टाग्रामवर गेल्या. त्याने फोटो मागितला, तिने पाठवला. साधा फोटो, दोन वेण्या घातलेला. चार दिवसांनी त्याने तोच चेहरा दुसऱ्या कुणाच्या उघड्या शरीराला जोडून परत पाठवला आणि म्हणाला, आता खरे पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो.

मुलगी दीड महिना गप्प होती. जेवण तुटलं. आईला वाटलं वयात येते आहे. शेवटी तिने सांगितलं ते आजीला. आजीजवळ झोपायची, रात्री रडताना आजीला जाग आली. आजीला इन्स्टाग्राम म्हणजे काय हे आजही माहीत नाही. तिने एवढंच विचारलं, "कुणी घाबरवतंय का तुला?" आणि सगळं ऐकून म्हणाली, "तुझं काय चुकलं त्यात? आईला मी सांगते."

आईला का नाही सांगितलं? आई वाईट नव्हती, मारकुटी नव्हती. पण ती एकदा म्हणाली होती, "फोनवर काही भलतंसलतं दिसलं तर फोन चुलीत घालीन आणि शाळा बंद करून घरी बसवीन." मुलीने ते शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले होते. त्या माणसापेक्षा तिला शाळा सुटायची भीती जास्त होती. तो माणूसही तेच म्हणत होता, सांगितलंस तर तुझीच शाळा बंद होईल. आईची धमकी त्याने फुकटात वापरली.

आणि आईला ती धमकी शिकवली कुणी? त्याआधीच्या वर्षी आम्ही गटात एक सत्र घेतलं होतं, "मोबाईलचे दुष्परिणाम". फळ्यावर लिहिलं होतं: धाक ठेवा, फोन काढून घ्या. त्या ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. आम्ही मात्र ते सत्र पुन्हा घेतलं नाही.

पुढे काय केलं ते नीट सांगतो, कारण ही वेळ कुणावरही येऊ शकते. पहिली चूक आधीच झाली होती. आईने संतापून अॅपच काढून टाकलं होतं, त्यामुळे बरेचसे निरोप हाती लागले नाहीत. असं करू नका. समोरच्याचं खातं, त्याचं नाव, नंबर, धमकीचे निरोप, तारखा, सगळं राहू द्या, वहीत लिहून ठेवा. त्याला पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका. दिलं की मागणी वाढते. मुलाचं तसलं चित्र असेल तर पुरावा म्हणून सुद्धा बहिणीला, सरपंचाला, आम्हाला, कुणालाही पाठवू नका. मुलांची अशी चित्रं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या.

आम्ही गेलो तिथे पहिल्यांदा बसलेल्या साहेबांनी "अकाउंट बंद करा, विषय संपवा" असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी गेलो. मग तक्रार घेतली गेली. पोक्सो कायद्यात असं आहे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ असताना. हे माहीत नसेल तर कुणी आपणहून सांगत नाही. मुलीने जबाब दिला तेव्हा शेजारी आजी बसली होती.

घरबसल्या तक्रार करायची तर केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, त्यात महिला आणि मुलांचा विभाग वेगळा आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. तातडीचं असेल तर ११२. आणि मुलांसाठी तोच जुना १०९८. सुरुवातीला त्या दोन तारखा शेजारी लिहिल्या त्या यासाठी. इंटरनेट आलं तेव्हापासून त्याला आवरायला यंत्रं, नियम, भिंतींची उंची, काय-काय काढलं. आणि दहा महिन्यांच्या अंतराने आलेला तो साधा नंबर एकाच गोष्टीवर उभा होता, मूल सांगेल आणि कुणीतरी ऐकेल. माजिवड्याच्या एका खोलीत ते काम एका आजीने केलं.

आता दोन गावांची गोष्ट. दोन्ही २०२२ सालची. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऊसवाल्या शेतकऱ्यांचं, कारखान्यातल्या कामगारांचं तीनेक हजार वस्तीचं गाव. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथे सभेत ठरलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरून सांगत होती. दुसरं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातलं बान्शी. तिथे नोव्हेंबरात ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलच बंद केला.

बान्शीच्या लोकांची काळजी आम्हाला कळते. लॉकडाऊनने पोरं हातची गेली असं ज्याला वाटलं, तो दुसरं काय करणार? पण आमचा कौल वडगावला. तिथे फोन बंद होतो तो मोठ्यांचासुद्धा. बापाच्या बातम्या, आईची मालिका, सगळंच. २००२ च्या समितीने मुलांना उघड्यावर बसवा म्हटलं होतं. वडगावने घरच दीड तास उघडं केलं, एकमेकांकडे तोंड करून.

सरकारं आता मोठे उपाय करत आहेत. आपला २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा म्हणतो की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला कंपनीने पालकाची संमती घ्यावी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पूर्ण अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली. कॅफेतल्या ओळखपत्राचीच ही मोठी आवृत्ती वाटते आम्हाला. चालली तर चांगलंच आहे. पण आमच्या गटातल्या निम्म्या ताईंच्या फोनचं खातं त्यांच्या मुलांनीच उघडून दिलंय, संमतीचं बटण कुठे असतं हेही मुलांनाच माहीत. संमती कोण कुणाची घेणार?

वडगावचं ऐकून आम्हीही माजिवड्यात एक प्रयत्न केला. भोंगा वाजवला तर टॉवरवाले तक्रार करतील, म्हणून डबा. जुना पाच किलोचा तेलाचा डबा, वरचं पत्र कापलेला, धुऊन पुसलेला. चाळीतल्या अकरा घरांनी ठरवलं: रोज आठ ते नऊ सगळ्यांचे फोन डब्यात, डबा ओटीवर, आणि त्या तासात मुलांनी काहीही विचारलं तरी ओरडायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड निघाला. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं की इंटरनेटवर बायकांचे तसले व्हिडिओ असतात ते खरे असतात का. त्याच्या आईला ठसका लागला. पण ती उठून गेली नाही.

अकरांतली सहा घरं टिकली आहेत. पुरुषांचे फोन अजून निम्मेच येतात, कंपनीचा कॉल येईल म्हणतात. आणि मागच्या मंगळवारी आम्ही बघायला गेलो होतो, ओटीवर बसून ताईंशी बोलत होतो, तेव्हा दुसरीतला एक मुलगा डब्यात डोकावून फोन मोजून आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. "दोन कमी आहेत," म्हणाला. दोन्ही आमच्या पिशवीत होते. त्यावर बचत गटाच्या ग्रुपचे निरोप येत होते.